चेन तोडायचं हत्यार घ्यावं का? घ्या, पण बघून

गिअरच्या सायकलची नवी चेन बहुतेक वेळा ११६ कड्यांची येते. माझ्या सायकलला लागतात ११२. वरच्या कड्या काढायला दर वेळी दुकान गाठायचं की घरी हत्यारं घेऊन ठेवायची, एवढाच मुद्दा होता. हत्यारं जमवली: दोन चेन ब्रेकर, क्विक लिंकची (चेन जोडायच्या, परत उघडता येणाऱ्या कडीची) एक पक्कड आणि चेनची झीज बघायचं एक गेज. यातलं काय घेण्याजोगं आहे आणि कशावर पैसे घालवू नयेत ते सांगते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी रबाळे एमआयडीसीत एका टूलरूममध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर नाहीतर मायक्रोमीटर, त्यामुळे नवीन हत्यार घरात आलं की आधी ते मोजायचं ही खोड. घरचे हसतात, हसू देत. राहते नेरुळला. सायकल पहाटे पाम बीच रोडवर, आणि अंगात रग असेल त्या रविवारी बेलापूरच्या बाजूने पारसिक हिलवर. सायकल साधी हायब्रिड: पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चेनरिंग (पेडलपाशी असतात ती दातेचक्रं), मागे ११ ते ३२ दात्यांची आठ गिअरची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेचक्रांचा गठ्ठा. खाडीकाठच्या दमट खाऱ्या हवेचं आणि चेनचं कधीच जमत नाही. पावसात भिजलेली सायकल तशीच गॅलरीत लावली की सकाळी कड्यांवर तांबूस पावडर धरलेली असते.

आता दुकानात का नाही, ते. मागची चेन मी एका दुकानातच टाकून घेतली होती. दुकानदार दादांचा हात चांगला, पंक्चर काढावं तर त्यांनीच. पण चेन कमी करायची त्यांची रीत म्हणजे ती लोखंडी ठोकळ्यावर आडवी ठेवायची, पिनवर पंच धरायचा आणि हातोडी घालायची. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "ताई, जन्मभर असंच करतोय. काळ्या सायकली सगळ्या अशाच केल्यात." काळ्या सायकलच्या जाड चेनला ते चालतं हे खरं आहे. आठ गिअरच्या चेनची बाहेरची पट्टी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची. तिथे पंच जरासा कलला की पट्टी वाकते, भोक मोठं होतं, आणि तीच पिन परत ठोकून बसवली की ती नुसती अडकलेली असते, धरलेली नसते. माझ्या चेनमधली ती एक कडी ताठ राहिली. मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकावरून जाताना चेनच्या दर फेरीला टक्. पारसिकच्या चढावर उभं राहून जोर लावला की चेन दात्यावरून उडी मारायची. भिंगाखाली बघितलं तर भोकाच्या कडेला धातू सोलून वर आलेला. तीच चेन उतरवून ठेवली आणि पुढे सगळे प्रयोग तिच्यावर केले.

गेजपासून सुरुवात करते, कारण ते या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा हातात येणारं. चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. हे माप काळ्या सायकलपासून बारा गिअरच्या सायकलपर्यंत सगळीकडे एकच. हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये मँचेस्टरला जी बुश-रोलर चेन काढली, तिच्याच घराण्यातल्या या सगळ्या. फरक इतकाच की आजच्या गिअरच्या चेनमध्ये वेगळा बुश (पिनभोवतीची नळी) नसतो, आतल्या पट्टीलाच भोकाभोवती कॉलर काढलेली असते आणि पिन त्या कॉलरमध्ये घासते. चेन जुनी होते म्हणजे पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक पिन आणि तिची कॉलर थोडी थोडी झिजते, आणि शंभरावर जागांची ती झीज एकत्र होऊन चेन लांबते.

२४ कड्या म्हणजे नवीन चेनवर बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी. हीच लांबी ३०७ मिमीच्या जरा वर गेली की ०.७५ टक्के झीज झाली. आठ गिअरच्या चेनला तिथे रजा द्यायची. अकरा गिअरच्या चेनला अर्ध्या टक्क्यावरच. गेज म्हणजे एक पत्रा, एका बाजूला ०.५ आणि दुसऱ्या बाजूला ०.७५ कोरलेलं. दोन रोलरच्या, म्हणजे पिनांभोवती फिरणाऱ्या गोल नळ्यांच्या, मध्ये घालायचं, आत पडलं तर चेन गेली. दहा सेकंदांचं काम.

इथे क्वालिटीवालीची एक तक्रार नोंदवून ठेवते. साधं गेज दोन टोकांच्या रोलरना एकमेकांपासून विरुद्ध दिशेला ढकलतं. त्यामुळे रोलरचा स्वतःचा सैलपणाही मापात मिसळतो आणि झीज आहे त्याहून जास्त दिसते. शिमानोचं टीएल-सीएन४२ आणि पार्क टूलचं सीसी-४ ही तीन ठिकाणी टेकणारी गेज हा घोळ टाळतात, कारण त्यांत मापाच्या दोन्ही टोकांचे रोलर एकाच दिशेला ढकलले जातात. माझं साधंच आहे. ते आत पडलं की मी स्टीलची पट्टी लावून पिन ते पिन खात्री करते. ज्यांच्याकडे बारा इंची स्टीलची पट्टी आणि बरे डोळे आहेत, त्यांना गेज नसलं तरी अडत नाही. तरीही घ्या. पट्टी शोधायच्या कंटाळ्यापायी आपण बघायचं टाळतो.

आता कापायचं कुठे. भाचा ठाण्याला वर्तकनगरला राहतो, येऊरला सायकल मारणाऱ्यांपैकी. त्याचं म्हणणं, "मावशी, एवढं काय त्यात? जुनी चेन खिळ्याला टांगायची, शेजारी नवी टांगायची, जुनीएवढी कापायची." हीच पद्धत सगळीकडे चालते आणि तिच्यातच गोम आहे. माझी ११२ कड्यांची चेन नवीन असताना १४२२ मिमी. पाऊण टक्का झिजली की जवळजवळ ११ मिमी वाढली, म्हणजे एका कडीला थोडंसंच कमी. शेजारी टांगून टोकाला टोक जुळवलं तर एका कडीचा गोंधळ होणारच. जुनी चेन वापरायची असेल तर तिच्या कड्या मोजा, लांबी नव्हे. पिनांवर दर दहा कड्यांनी मार्करचा ठिपका देत जा, नाहीतर सत्तरच्या पुढे कोणीतरी हाक मारतं आणि परत एकपासून.

जुनी चेनच मुळात चुकीच्या लांबीची असेल, किंवा कॅसेट बदलली असेल, तर सरळ पद्धत ही: नवी चेन पुढच्या सर्वांत मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या दातेचक्रावरून घ्यायची, डिरेलरमधून न ओवता. दोन्ही टोकं ओढून जिथे जेमतेम जुळतात तिथून पुढे आणखी एक इंच, म्हणजे दोन कड्या. खात्रीसाठी आकडेमोड करायची तर क्रँकच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजून दुप्पट करा. त्यात मोठ्या चेनरिंगचे आणि मोठ्या दातेचक्राचे दाते मिळवून चारने भागून येईल ते घाला, वर एक. माझं अंतर ४४ सेंमी, म्हणजे १७.३ इंच. दुप्पट ३४.६. दाते ४८ अधिक ३२ म्हणजे ८०, भागिले चार, २०. वर एक. झाले ५५.६. चेन पूर्ण इंचातच जोडली जाते, कारण आतली अरुंद कडी आणि बाहेरची रुंद कडी आळीपाळीने असतात, म्हणून वरचा पूर्ण आकडा ५६ इंच. एका इंचात दोन कड्या, झाल्या ११२. सायकलवर ओढून बघितलं तेव्हाही तेच आलं, त्यामुळे निर्धास्तपणे हत्यार लावलं.

लांबीत इतकं काटेकोर का, तर चेन आखूड झाली आणि कोणी न बघता मोठ्यावर मोठा गिअर टाकला की डिरेलर ताणला जातो, आणि मग तो ज्या हँगरला लटकतो तो वाकतो नाहीतर तुटतो. लांब राहिली तर लहानावर लहान गिअरला चेन लोंबते, खड्ड्यात आपटते, खाली येते. लांबचा त्रास सहन होतो, आखूडचा खर्चात टाकतो.

शिमानोच्या ११६ कड्यांच्या चेनला एका टोकाला बाहेरची कडी असते, दुसऱ्या टोकाला आतली. डब्यात जोडायला खास पिन येते. मी ती पिन वापरली नाही, क्विक लिंक वापरला. क्विक लिंक ही स्वतःच एक बाहेरची कडी, म्हणून चेनची दोन्ही टोकं आतल्या कडीची हवीत. ११२ मध्ये एक कडी क्विक लिंकची धरली की चेनच्या उरतात १११. म्हणजे ज्या टोकाला बाहेरची कडी आहे त्या टोकाने पाच कड्या काढायच्या: बाहेरची, आतली, बाहेरची, आतली, बाहेरची. उरलेली चेन आतल्या कडीने सुरू आणि आतल्या कडीने संपलेली. "चार जास्त आहेत, चार काढा" एवढ्यावर थांबणारे इथे अडकतात, कारण चार काढल्या की टोक बाहेरच्या कडीचंच राहतं आणि क्विक लिंक बसतच नाही.

एवढं झाल्यावर हत्यार हातात घ्यायचं.

पहिला ब्रेकर भाच्याने ऑनलाइन मागवलेला, अडीचशे-तीनशेच्या घरातला, अंगावर कुठल्याच कंपनीचं नाव नाही. सोबत पिशवीत हत्याराची, चेनची पिन ढकलणारी, एक जादा पिन. जादा पिन देणाऱ्याला आपल्या पिनची कल्पना असावी. लांबून सगळं ठीक दिसतं: चेन बसवायला दोन खाचा, मागे टेकायला भिंत, टी आकाराची मूठ. दोन खाचा कशाला ते बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगते. भिंतीला लागून असलेली खाच पिन बाहेर काढायला, आणि मुठीच्या बाजूची खाच ताठ झालेली कडी किंचित सैल करायला. उलट खाचेत घालून पिन काढायला गेलात तर खाचेचे दातेच मोडतात, कारण तिथे पट्टीला मागून आधार नसतो.

मोजलं. आठ गिअरच्या माझ्या चेनची रुंदी पिनच्या टोकांपासून टोकांपर्यंत ७.१ मिमी. खाच साडेनऊ. म्हणजे चेन आत हवी तशी कलू शकते. त्यात आट्यांना खेळ इतका, की मूठ सैल नळासारखी चारी दिशांना हलत होती. जुन्या चेनवर चालवला. पाव फेरा, अर्धा फेरा, जोर लागतोय, चेनची पिन जागची हलत नाही. मग कुरकुर आवाज आणि एकदम हलकं झालं. बघते तर हत्याराची पिन चेनच्या पिनवरून घसरून पट्टीवर चढलेली, टोक वाकलेलं. भिंगाखाली पट्टीवर चंद्रकोरीएवढा ओरखडा. नव्या चेनवर हे झालं असतं तर ती कडी बाद.

दुसरा पार्क टूलचा, निळ्या मुठींचा. किंमत चार आकडी. आमच्याकडे एवढ्या पैशात काय काय येतं याची यादी सासूबाईंनी ताबडतोब ऐकवली आणि ती चुकीची नव्हती. पण हातात घेतला की फरक वजनातच कळतो. आट्यांत खेळ जवळपास नाही. पिन पुढे येते ती सरळ एका रेषेत. खाचेत घातलेल्या चेनच्या पिनवर ती नेमकी मध्यावर टेकते, बाजूने बघितलं तरी आणि वरून बघितलं तरी. हीच एक गोष्ट या हत्यारात विकत घ्यायची असते. बाकी मूठ, रंग, पिशवी सगळं वरकरणी. दुकानात बघायचं असेल तर चेनचा तुकडा खिशात घेऊन जा, खाचेत बसवा, पिन चेनच्या पिनला टेकेपर्यंत फिरवा आणि उजेडाकडे धरून बघा. पिन मध्यावर नसेल तर हत्यार परत द्या, किंमत काहीही असो.

वापरताना काय होतं ते सांगते. टेकेपर्यंत बोटांनी फिरवायचं. टेकल्यावर थांबून एकदा नजर टाकायची. मग मूठ धरून दाब. पहिला पाव फेरा जड जातो, कारण कारखान्यात पिनचं टोक दाबून पट्टीवर पसरवलेलं असतं आणि ते आपण भोकातून ओढून काढत असतो. तेवढं सुटलं की टच्च असा बारीक आवाज येतो, तो कानापेक्षा तळहाताला जास्त कळतो. पुढचे फेरे सारख्या जोराने जातात. कुठे मधेच एकदम हलकं लागलं की समजायचं पिन घसरली. शेवटी चेनची पिन पलीकडून कागदावर पडते. गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून करा, आमच्याकडे एक पिन खालच्या मजल्यावरच्या तुळशीत सापडली आहे.

निघालेली पिन परत वापरायची नाही. जाड चेनमध्ये जुन्या लोकांनी पिन पूर्ण न काढता अर्धी ठेवून परत दाबली, चाललं. आजच्या पातळ चेनमध्ये भोक एकदा सोललं गेलं की त्याच पिनला पकड राहत नाही. शिमानोची जोडपिन म्हणूनच वेगळी येते. पुढचं अर्धं टोक वाट दाखवायला, पिन बसली की ते पक्कडीने मोडून टाकायचं. ती चांगली गोष्ट आहे, पण ती सरळ आणि नेमकी तितकीच आत जायला ब्रेकर तर चांगला लागतोच, वर हाताला सवय लागते. दोन्ही बाजूंना पिन सारखी बाहेर दिसली पाहिजे, आणि बसल्यावर कडी सहज वाकली पाहिजे. ताठ राहिली तर चेन आडवी धरून दोन्ही अंगठ्यांनी हलकेच डावी-उजवीकडे वाकवायची. वेगळा बुश नसल्यामुळे या चेन तेवढं सोसतात. हे सगळं करण्यापेक्षा मला क्विक लिंक बरा. केएमसीचा मिसिंग लिंक घेतला, ६-७-८ गिअरच्या चेनसाठीचा, ७.३ मिमीचा. हा परत परत उघडता येतो, चेन काढून रॉकेलमध्ये धुता येते.

जोडताना दोन टोकं एकमेकांपासून पळतात, कारण डिरेलरची स्प्रिंग ओढत असते. त्याला जुन्या स्पोकचा तुकडा दोन्हीकडे वाकवून आकडा करा, दोन्ही टोकांत अडकवा, हात मोकळे. लिंकचे दोन भाग समोरासमोरून घालून ओढले की अर्धवट बसतात. मग तो लिंक वरच्या बाजूला, चेनरिंग आणि कॅसेटच्या मध्ये येईल इतकं पेडल फिरवायचं, मागचा ब्रेक घट्ट धरायचा आणि पेडलवर पाय देऊन दाबायचं. कट्ट. बसला. त्या आवाजाला मला अजूनही मजा येते.

म्हणूनच क्विक लिंकची पक्कड मला या सगळ्यात सर्वांत कमी गरजेची वाटली. बसवायला पेडल पुरतं. उघडायला नवा लिंक बोटांनीही उघडतो. चिखलमातीत महिने काढलेला लिंक मात्र बोटांना दाद देत नाही. तेव्हा साधी लांब नाकाची पक्कड तिरकी धरून, लिंकच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दाबली तरी काम होतं. क्विक लिंकच्या पक्कडीने ते झटक्यात होतं हे कबूल, आणि दोन-तीन सायकली असलेल्या घरात ती लाडाची वस्तू म्हणून ठेवावी. एकाच सायकलसाठी आधी ब्रेकर, मग गेज, आणि पैसे उरले तर पक्कड. माझी मला भेट मिळाली, म्हणून तक्रार नाही.

भाचा त्याची सायकल घेऊन कळव्यावरून ठाणे-बेलापूर रोडने आला, तेही नेमका डंपरच्या वेळेला. त्याची दहा गिअरची. ती चेन बाहेरून ६ मिमीच्या आसपासच, कारण जितके गिअर जास्त तितक्या मागच्या चकत्या जवळ आणि चेन बारीक. पट्टीची जाडीही कमी, म्हणून नुकसानीला जागा कमी. "मावशी, तुझ्या जुन्या क्विक लिंकने चालेल ना?" नाही चालणार. लिंक त्या त्या गिअरच्या चेनचाच लागतो. शिवाय दहा-अकरा गिअरच्या पुढचे बरेच लिंक कंपनीच एकदाच वापरायला सांगते. स्रॅमचा पॉवरलॉक त्यातला, शिमानोचा अकरा गिअरचाही. त्याने नवा लिंक आणलाच नव्हता. वाशीला जाऊन घेऊन आला, पण चेनच्या कड्या मोजून ठेव म्हणून सांगितलं होतं, त्या मोजल्याच नव्हत्या. मोजायला बसवला. मोजताना कंटाळून म्हणाला, "दुकानात दोन मिनिटांत झालं असतं." झालं असतं. दोन मिनिटांत काय काय होतं ते मी पारसिकच्या चढावर बघितलेलं आहे. निळ्या मुठीच्या ब्रेकरने त्याच्या बारीक चेनची पिन तेवढ्याच सरळपणे काढली, जोर उलट कमी लागला. त्याला आता तो हवा आहे. त्याचा नाव नसलेला माझ्याकडे टाकून गेलाय, बदल्यात निळा नेऊ का असं विचारून.

नाव नसलेला मात्र फेकला नाही, आणि तो कामाला आला ते समोरच्या काकांच्या काळ्या सायकलवर. एकच गिअर, अर्ध्या इंचाची, एक अष्टमांश इंच दात्याची जाड चेन, दांडी ब्रेक. चेन झिजून लांबली की अशा सायकलला मागचं चाक एक्सलच्या खाचेत मागे ओढतात. काकांचं चाक ओढून ओढून खाचेच्या टोकाला गेलं होतं, आणखी ओढायला जागाच नाही, आणि चेन तरी चेनकव्हरला घासत होती. अशा वेळी एक इंच कमी करायचा, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी काढायची आणि चाक पुन्हा पुढे घ्यायचं. खरं तर एवढी लांबलेली चेन बदलायलाच हवी, पण काकांना ते पटवण्यापेक्षा पिन काढणं सोपं. जाड चेन त्या साडेनऊ मिलिमीटरच्या खाचेत चपखल बसली, हलायला जागाच उरली नाही, आणि वाकलेली पिन बदलून सोबतची जादा पिन घातली होती ती सरळ गेली. एका पिनचंच काम होतं. या चेनला क्विक लिंकऐवजी चेन लॉक असतं, वरून स्प्रिंगची क्लिप. ती बसवताना क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला ठेवायचं, नाहीतर काटकी, दोरी, काहीही अडकून क्लिप उडते. काकांची उलटी बसवलेली होती, आणि ती तशीच किती वर्षं चालली कोण जाणे.

काकांनी सोसायटीच्या आवारात एक फेरी मारली, चेनचा आवाज बंद झाल्याचं बघून समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "आता जरा ब्रेकच्या दांड्यांचं पण बघ ना." त्याचं हत्यार माझ्याकडे नाही, आणि असलं तरी मी सांगणार नाही.